‘हौ’ म्हणायच्या आधी : कंपनीत नव्यानं लागलेल्यांसाठी

आपल्याकडं मराठवाड्यात एक शब्द फार लवकर तोंडातून निघतो, ‘हौ’. समोरचा काय म्हणाला ते कळलं तरी हौ, अर्धंमुर्धं कळलं तरी हौ, आणि मशीनच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही तरी मान हलवून हौ. घरी, शेतात, पारावर त्यानं काही बिघडत नाही. कंपनीत बिघडतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून डिप्लोमा करून संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आलो, त्याला चौदा वर्षं झाली. पहिली सहा मशीनवर गेली. आता एका मशीन शॉपमध्ये शिफ्ट सांभाळतो. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला हिंगोली, बीड, जालना, नांदेडकडची नवी पोरं येतात. रांजणगावात नाहीतर जोगेश्वरीत पाच-सहा जण मिळून खोली घेतात आणि सोमवारी सकाळी गेटवर उभी राहतात. काम त्यांना येतं, येत नसलं तर चार महिन्यांत येऊन जातं. अडकतात ती बोलण्यात. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, आणि मुख्य म्हणजे कधी सांगायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. आयटीआयला याचा पेपर नसतो.

उदाहरणं मशीन शॉपची देतोय, कारण मला तेच ठाऊक आहे. तुम्ही शेंद्र्याला असा, चिकलठाण्याला असा, जालन्याच्या स्टील कारखान्यात असा की लातूरच्या डाळ मिलच्या ऑफिसात, हुद्द्यांची नावं तेवढी बदलून वाचा.

जवळ काय काय ठेवायचं

- खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. दोन अशासाठी की एक कुणीतरी मागून घेतं आणि ते परत येत नाही.
- कागदावर लिहिलेले पाच नंबर : सुपरवायझर, लाइन लीडर, क्वालिटीचा माणूस, एचआर, आणि गेटवरची सिक्युरिटी केबिन. कागदावरच लिहा. बऱ्याच कंपन्यांत मोबाइल गेटवर जमा होतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी बॅटरी संपलेली असते.
- नेमणूकपत्राची झेरॉक्स. काँट्रॅक्टरकडून लागला असाल तरी मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, त्यामुळं मागण्यात उद्धटपणा काही नाही.
- पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं आणि पगारातून पाऊण टक्का कापला जातो. स्लिपवर कपात दिसते पण नंबर मिळालेला नाही, असं असेल तर पहिल्याच महिन्यात एचआरला विचारा.
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची आपल्याकडची प्रत, त्यावर घेणाऱ्याची सही आणि तारीख.

१. पहिल्या आठवड्यात माणसं ओळखा

मशीन ओळखायला वेळ आहे, आधी माणसं ओळखा. टूल तुटलं तर कुणाकडं जायचं? मोजमाप चुकलं तर? मशीनच बंद पडली तर? हजेरी लागली नाही तर? चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी माणसं आहेत, आणि नवीन मुलगा चारही गोष्टी शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरला सांगतो. तो म्हणतो, ‘बघू.’ झालं, आपण सांगून मोकळे.

शेजाऱ्याला सांगितलं म्हणजे सांगितलं, असा हिशोब कंपनीत चालत नाही. ज्याच्या हातात ती गोष्ट दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, त्याच्या कानावर गेली तरच ती गेली. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता करून ठेवा. माझ्या वहीत अजून आहे, फक्त नावं चार वेळा बदललीत.

आणि एक. प्रत्येक शॉपमध्ये एखादा जुना सेटर, म्हणजे मशीनला टूल आणि माप लावून देणारा माणूस असतो. सगळे त्याला मामा किंवा काका म्हणतात. हुद्दा छोटा, पण मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की बेल्ट ते ओळखतो. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून बोलत जा. चहा पाजायची गरज नाही, वेळेवर विचारलं तरी तो खूश असतो.

२. कळलं नाही तर तिथंच म्हणा

सूचना मिळाली की ती आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा. ‘म्हणजे सर, आधी वीस पीस काढायचे, क्वालिटीला दाखवायचे, त्यांनी हो म्हटलं की पुढचे चालवायचे. बरोबर ना?’ दहा सेकंदं लागतात. सर म्हणतील ‘हो’, किंवा म्हणतील, ‘वीस नाही रे, पाच.’ हे ‘पाच’ तुम्हाला दुपारी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

लाज वाटते, मान्य आहे. आपण घरी मोठ्यांना उलट प्रश्न न विचारता वाढलेली माणसं. शिवाय साहेब पुण्याकडचे असले की आपलं ‘करायलो’, ‘आलालो’ ऐकून कुणीतरी हसतं. हसू द्या. उत्तरेकडचे सुपरवायझर असले तर मोडक्या हिंदीत विचारा. औरंगाबादी हिंदी, म्हणजे आता संभाजीनगरची म्हणायची, तशीही कुठल्याच व्याकरणात बसत नाही, तरी अख्खं शहर तिच्यावर चालतं.

आकडे मात्र कधीही कानावर विसंबून घेऊ नका. पंधरा आणि पन्नास, साठ आणि सात, कंप्रेसर चालू असताना सारखेच ऐकू येतात. वहीत लिहा आणि सांगणाऱ्याला दाखवा.

३. बिघडलं की थांबा, आणि लगेच हाक मारा

या लेखात एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

तिसरा महिना होता, रात्रपाळी. एका हाउसिंगला, म्हणजे मशीनच्या सुट्या भागाला, २५ मिलिमीटरचं बोअर (गोल भोक) करायचं काम माझ्याकडं होतं. मर्यादा एच-सेव्हन, म्हणजे २५.००० ते २५.०२१. एकवीस मायक्रॉनची जागा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. दर दहाव्या पीसला प्लग गेज, म्हणजे भोकात घालून माप बघायचा दांडा, लावून बघायचं. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. इतकं सोपं.

सव्वादोनच्या सुमाराला गो बाजू तोंडाशीच अडली. मी जरा जोर दिला, गेली. मला कळलं होतं की काहीतरी वेगळं आहे. हाताला कळतं ते. पण आदल्या दिवशी एका मुलानं विनाकारण मशीन थांबवली म्हणून सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी निघाली होती. सुपरवायझर पलीकडच्या सेक्शनला होते. मनात म्हटलं, कशाला त्यांना त्रास, गेज जातंय ना. पुढच्या दहाव्या पीसला अजून जोर. त्याच्या पुढच्याला तळहातानं ठोकलं.

साडेसहाला क्वालिटीचा माणूस आला. त्यानं पीस उचलला, गेज बोअरवर ठेवलं आणि सोडून दिलं. ते तसंच उभं राहिलं, शंकराच्या पिंडीसारखं. सव्वा मिनिटाला एक पीस, मधली चहाची सुट्टी सोडून १९० पीस झाले होते. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची, धार गेली होती, त्यामुळं बोअर लहान होत चाललं होतं. इन्सर्ट बदलायला पाच मिनिटं लागतात. ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) देऊन पहिला पीस पास करून घ्यायला अजून दहा. या पंधरा मिनिटांसाठी १९० पीस रिवर्कला, म्हणजे परत दुरुस्त करायला गेले, त्यात एक अख्खी शिफ्ट गेली, आणि आठच्या गाडीत जाणारा माल गेला नाही. ठोकून ठोकून गेजसुद्धा खराब झालं असणार म्हणून तेही कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून घ्यायला पाठवलं.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पहिल्यांदा कधी अडकलं?’ मी म्हटलं, ‘सव्वादोनला.’ ते घड्याळाकडं बघत राहिले. तेवढ्यात सेटर मामा मागून म्हणाले, ‘पोरा, गेज ढकलायचं नसतं. सोडायचं असतं.’ गो गेज आपल्या वजनानं उतरलं पाहिजे, हा नियम मला त्या सकाळी कळला. ‘गेज कसं धरायचं?’ असं पहिल्या आठवड्यात मी कुणाला विचारलंच नव्हतं. ट्रेनिंगला सांगितलं तेव्हा हौ म्हटलं होतं.

पैठणला मागावर बसलेला विणकर बघा. बुट्टीत रंगाचा धागा चुकला आणि बोटभर विणल्यावर दिसला तर बोटभर उसवायचं. वीतभर विणल्यावर दिसला तर वीतभर. चूक तीच, धागा तोच, उसवण तेवढी वाढते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग आणला, त्याची करामत हीच होती की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. पुढं त्याच घरातून टोयोटा कार कंपनी निघाली आणि तिनं ही कल्पना मोटारीच्या लाइनवर नेली. कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या हद्दीत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला तिथं कामचुकार म्हणत नाहीत. आपल्याकडच्या मशीनवर लाल-पिवळा-हिरवा दिवा असतो तो याच घराण्यातला. तो शोभेला नाही, पण कित्येक ठिकाणी लाल दिव्याचा बल्ब उडालेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. तुमच्या मशीनचा लागतो का, हे आजच बघा.

तर क्रम असा ठेवा. मशीन थांबवा. शेवटचा चांगला पीस कुठला ते शोधा, आणि त्यानंतरचे सगळे बाजूला काढून लाल डब्यात नाहीतर ‘होल्ड’ची चिठ्ठी लावून ठेवा. मग सुपरवायझरला गाठा. हे उलट्या क्रमानं केलं तर तुम्ही साहेबांना शोधत फिरता आणि तेवढ्यात ट्रॉलीवाला संशयाचा माल चांगल्या मालात नेऊन ओततो. मग ५० पीससाठी २,००० पीस तपासत बसायचं.

‘जरा जोर देऊन बघू’, ‘अजून एक पीस काढून बघू’, ‘शिफ्ट संपायला आलीच आहे, पुढचा बघेल’ ही तीन वाक्यं मनात आली की समजा, हाक मारायची वेळ झाली.

४. वाईट बातमी सांगायची कशी

नवीन मुलं दोन प्रकारे सांगतात. एक, ‘सर, मशीनला काहीतरी झालंय.’ दुसरी, पाच मिनिटांची कहाणी, जी मी सकाळी आलो तेव्हा कूलंट कमी होतं इथून सुरू होते. दोन्हीत साहेबाचा जीव वर-खाली होतो.

चार गोष्टी, याच क्रमानं : काय झालं, कधीपासून, किती माल अडकला, मी काय केलंय. उदाहरणार्थ :

‘सर, सहा नंबरच्या मशीनवर गो गेज जात नाही. १.४० ला शेवटचं बरोबर होतं. मधले आठ पीस बाजूला काढलेत. मशीन बंद ठेवली आहे.’

कारण माहीत नसेल तर सांगू नका. अंदाजानं ‘इन्सर्ट गेला असेल’ म्हणालात की सगळे इन्सर्टच्या मागं लागतात आणि पीस धरून ठेवणाऱ्या ढिल्या झालेल्या फिक्श्चरकडं कुणी बघत नाही. विचारलं तर ‘कारण अजून बघितलं नाही’ म्हणा. आणि चूक आपली असली तर तेही याच सुरात सांगा. ‘ऑफसेट माझ्याकडून उलटा पडला.’ एवढंच. माफीचं भाषण नंतर, चहाला.

काही साहेब अंगावर येतात, हे खोटं नाही. मी स्वतः दोन वर्षं अशा एका माणसाच्या हाताखाली काढली आहेत. त्यांच्याकडं जाताना मी आकडे चिठ्ठीवर लिहून न्यायचो आणि चिठ्ठी समोर ठेवायचो. चिठ्ठीवर ओरडणं माणसाला जरा अवघड जातं.

आता उलटी परिस्थिती. तुम्ही सांगितलंत, आणि वरून उत्तर आलं, ‘चालवून टाक रे, काही होत नाही.’ वाद घालू नका. शांतपणे म्हणा, ‘चालवतो सर, फक्त इथं सही करा’, आणि लॉगबुक नाहीतर डेव्हिएशनचा (ठरलेल्या मापात सूट देण्याचा) कागद पुढं करा. दहातले सात जण पेन हातात घेतल्यावर परत एकदा पीस बघतात. सही मिळाली नाही तर निदान ‘३.१० वा. सुपरवायझरला सांगितलं, त्यांच्या सूचनेनुसार चालू’ अशी ओळ स्वतःच्या हातानं लिहा. गार्ड काढून चालव, सेन्सर बायपास कर, असं कुणी सांगितलं तर मात्र सही मिळाली तरी नाही म्हणा. बोटं सहीनं परत येत नाहीत.

५. चार्ज देताना, चार्ज घेताना

आमच्याकडं पहिली शिफ्ट ३.३० ला सुटते. ३.२० पासून सगळ्यांचं लक्ष बसकडं. खिडकीची जागा पाहिजे असते, सिडकोपर्यंत तासभर उभं राहायची हौस कुणाला नसते. आणि याच दहा मिनिटांत कंपनीतली निम्मी भांडणं जन्माला येतात.

चार्ज म्हणजे ‘मशीन ओके’ एवढं लिहून पळणं नव्हे. पुढचा माणूस मशीनपाशी आल्यावर त्याला तोंडानं सांगायचं आणि तेच लॉगबुकात लिहायचं. एक नमुना देतो :

‘इन्सर्ट १.०५ ला बदलला. सध्याचा पीस लॉट दोनमधला. लाल डब्यात ४ पीस, बर (कडेला धातूची कोर) येतोय म्हणून. कूलंट पंप अधूनमधून आवाज करतो, मेंटेनन्सला १२ वाजता चिठ्ठी दिली, अजून माणूस आलेला नाही. गेज क्वालिटीच्या टेबलावर.’

पाच ओळी. यातली सगळ्यात मोलाची ओळ ‘अजून माणूस आलेला नाही’. अर्धवट राहिलेलं काम लिहायला लोक लाजतात, आणि पुढच्या माणसाला नेमकं तेच पाहिजे असतं. ती ओळ नसली की मेंटेनन्सचं काम झालंय असं समजून तो गप्प बसतो, तिकडं ती चिठ्ठी कुणाच्या तरी खिशात धुऊन निघते.

घेणारे तुम्ही असाल तर दहा मिनिटं आधी या आणि स्वतःहून विचारा, ‘आज काय त्रास दिला हिनं?’ ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं.

६. सुट्टी : सोयाबीन आणि दिवाळीची गाठ

दुचाकी आणि मोटारींचा मोठा खप दसरा-दिवाळीला. म्हणून वाळूजच्या गाड्यांच्या आणि त्यांना सुटे भाग देणाऱ्या कारखान्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरला कामाची सगळ्यात जास्त घाई, ओव्हरटाइम, रविवारची शिफ्ट. आणि गावाकडं त्याच दिवसांत सोयाबीन काढणीला येतं. वर पाऊस घिरट्या घालतोय, मजूर मिळत नाहीत, मळणी यंत्राचा नंबर लागलेला, वडलांचा फोन, ‘दोन दिवस ये रे.’ आपल्यातल्या निम्म्या पोरांची ही दरवर्षीची कहाणी. साहेबांना वाटतं पोरं बेजबाबदार, पोरांना वाटतं साहेबाला शेती कळत नाही.

साहेबाला शेती कळत नसेलही, पण कॅलेंडर कळतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जाऊन सांगा : ‘सर, ऑक्टोबरमध्ये काढणीला तीन दिवस लागतील. तारीख पावसावर आहे, चार दिवस आधी पक्की सांगतो. त्याबदल्यात दसऱ्याच्या रविवारी मी येतो.’ अशी मागणी मी आजवर क्वचितच नाकारली आहे, कारण मला माणूस बसवायला वेळ मिळतो. सकाळी सातला शिफ्ट सुरू झाल्यावर ७.१० ला ‘आज येत नाही’ असा मेसेज येतो तेव्हा मी काहीच करू शकत नाही, मशीन उभी राहते. पोळा, महालक्ष्म्या, भाचीचं लग्न, सगळ्याला हेच लागू.

खरोखरची अडचण सांगून येत नाही. वडलांना रात्री घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, दाखल केलं, अशा वेळी शिफ्टच्या आधी एक फोन पुरे. फोन लागला नाही तर सिक्युरिटी केबिनला निरोप ठेवा आणि ज्याला निरोप दिला त्याचं नाव विचारून घ्या. किती दिवस लागतील ते माहीत नसेल तर ‘संध्याकाळी परत कळवतो’ म्हणा, आणि संध्याकाळी खरंच कळवा. बहुतेक जण इथंच चुकतात. पहिला फोन करतात, मग तीन दिवस गायब.

कारण खोटं सांगू नका. गेल्या वर्षी एकानं ताप आला म्हणून कळवलं आणि दुपारी मळणी यंत्राशेजारचा स्वतःचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. मागं सोयाबीनचा भुसा उडतोय, पुढं हा गॉगल लावून. आम्ही सगळे हसलो, पण पुढच्या वेळी तो खरंच आजारी पडला तेव्हा त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना.

७. व्हॉट्सॲप ग्रुप

ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं, असं धरू नका. मोबाइल गेटवर जमा, मग वाचणार कोण? बिघाड, अपघात, गैरहजेरी यासाठी फोन किंवा समोरासमोर. ग्रुप नोंदीसाठी. साहेबांना व्हॉइस मेसेज पाठवू नका, चालू मशीनपाशी उभं राहून ते ऐकता येत नाहीत. आणि कुणाची चूक फोटोसकट ग्रुपवर टाकू नका. आधी त्याला सांगा.

८. लागलं, पगार चुकला, कुणी त्रास दिला तर

लागलं : बोट कापलं, डोळ्यात चिप गेली, पाय घसरला, लहानसं असलं तरी त्याच शिफ्टमध्ये सांगा आणि अपघाताच्या रजिस्टरात नोंद झाली का ते डोळ्यांनी बघा. हळद लावून, पट्टी बांधून परत मशीनवर उभं राहण्यात मर्दुमकी नाही. आठ दिवसांनी जखम चिघळली की ‘ही कंपनीतच झाली कशावरून?’ असा प्रश्न येतो, आणि ईएसआयचा लाभ घेताना तुम्ही अडकता.

पगार : स्लिप मिळाली की त्याच आठवड्यात हजेरी ताडून बघा. ओव्हरटाइमचे तास रोज वहीत लिहायचे. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट आहे. ‘माझे पैसे कापले’ असं म्हणत एचआरकडं जाऊ नका. ‘१२ आणि १९ तारखेचे चार-चार तास दिसत नाहीत’ असं म्हणा. तारखा सांगितल्या की त्याला रजिस्टर उघडावंच लागतं. चार महिन्यांनी गेलात तर जुन्या नोंदी शोधायचं कुणाच्या जिवावर येतं.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण आता असेंब्लीत आणि क्वालिटीत गावाकडून आलेल्या मुली बऱ्याच आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. उशिरामागं तसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीतली नावं नोटीस बोर्डावर लावलेली असायला हवीत. त्यांची गरज पडण्याआधीच, रुजू झाल्याच्या आठवड्यात ती नावं वहीत लिहून ठेवा. आणि काही घडलंच तर तारीख, वेळ, जागा, तिथं कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहा.

९. सांगायला उशीर झालाच असेल तर

होतो. मग आणखी उशीर करू नका. खरी वेळ सांगा. ‘आत्ताच झालं’ म्हणालात आणि मशीनच्या स्क्रीनवर पीसचा आकडा वेगळंच सांगत असला, तर मूळ चूक बाजूला राहते आणि खोटं बोललात तेच सगळ्यांच्या लक्षात राहतं. ‘सर, एक तासापूर्वीच सांगायला हवं होतं, घाबरलो’ हे वाक्य मी गेल्या आठ वर्षांत पुष्कळ पोरांकडून ऐकलंय. त्यातल्या एकालाही त्या वाक्यामुळं काढलेलं नाही.

१०. उगाच हाक मारली गेली तर

ही भीती सगळ्यांना असते : साहेब येतील आणि काहीच निघणार नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सेनगावकडचा एक मुलगा, लागून पंधरा दिवस झालेले, रात्रपाळी. २.४० ला लाल दिवा लागला. मी गेलो तर हा दोन्ही हात मागं बांधून उभा. ‘सर, गेज अडकायलंय. मशीन बंद केलीय. सात पीस बाजूला काढलेत.’ मी पीस हातात घेतला. बोअरच्या तोंडाला बारीकशी चिप चिकटली होती. हवेची गन मारली, कापडानं पुसलं, गेज ठेवलं आणि सोडलं. आपल्या वजनानं खाली उतरलं, टक् असा आवाज झाला.

त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, ‘सर, उगाच बोलावलं तुम्हाला.’

मी बाकीचे सहा पीस त्याच्याकडूनच पुसून तपासून घेतले, सगळे चांगले निघाले. मग लॉगबुक त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं : ‘२.४० गो गेज अडकले. चिप होती. साफ केले. ७ पीस तपासले, ओके. मशीन २.५२ ला चालू.’ खाली मी सही केली आणि चहा घ्यायला गेलो.